मतदार फिरला की घरीच बसला? आपल्या मतदारसंघातली मतं कुठून कुठे गेली ते स्वतः कसं शोधायचं

निकाल लागला की दुपारपर्यंत प्रत्येकाकडे एक थिअरी तयार असते. अमुक समाज फिरला, लाडक्या बहिणींनी फिरवलं, वंचितने मतं खाल्ली, शेवटच्या रात्री लक्ष्मीदर्शन झालं, नाहीतर मग मशीनमध्ये गडबड. यातलं एकही कोणी मोजलेलं नसतं, ज्याला जे आवडतं ते तो बोलतो. पण हे मोजता येतं हो, सगळं नाही तरी बरंचसं येतं, आणि त्यासाठी लागतं काय तर एक लॅपटॉप, बेरीज-वजाबाकीपुरतं एक्सेल, दोन-चार रविवार आणि आपल्याच पक्षाच्या लोकांवर थोडा संशय.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. ज्याला आपण मतदार फिरला म्हणतो त्यात खरोखर या बाजूचं त्या बाजूला गेलेलं माणूस बऱ्याचदा कमीच निघतं. गेल्या वेळचा माणूस या वेळी घराबाहेर पडलाच नाही आणि या वेळी जो आला तो गेल्या वेळी घरी होता, हा प्रकार जास्त. आकड्यांमध्ये मात्र दोन्ही सारखंच दिसतं, आणि म्हणून आपण फसतो.

पुण्याचा कसबा घ्या, याच्याइतकं सोपं उदाहरण नाही.

२०१९ च्या विधानसभेला भाजपच्या मुक्ता टिळकांना ७५,४९२ मतं, काँग्रेसच्या अरविंद शिंदेंना ४७,२९६. टिळक वारल्या, २०२३ च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली, भाजपचे हेमंत रासने ६२,३९४ आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर ७३,३०९, म्हणजे धंगेकर जवळपास ११ हजारांनी आले आणि सगळीकडे एकच बोंब, कसबा फिरला, पेठा फिरल्या, ब्राह्मण मतदार भाजपवर उलटला. मग २०२४ च्या नोव्हेंबरला तेच दोघं समोरासमोर, रासने ९०,०४६ आणि धंगेकर ७०,६२३. झालं, परत बोंब, कसबा परत फिरला.

आता वजाबाकी करा. २०२३ ते २०२४ मध्ये धंगेकरांची मतं कमी झाली किती, २,६८६. रासनेंची वाढली किती, २७,६५२. म्हणजे धंगेकरांनी गमावलेलं झाडून सगळं मत रासनेंना गेलं असं जरी धरलं तरी पंचवीस हजार मतं दुसरीकडूनच कुठूनतरी आली. पोटनिवडणुकीला मतदान होतं ५० टक्क्यांच्या आसपास आणि २०२४ ला ते ५८-५९ च्या घरात गेलं, तिथे ती मतं आहेत. जे २०२३ ला रुसून, कंटाळून किंवा 'पोटनिवडणूक तर आहे' म्हणून घरी बसले होते ते आले.

आणि २०१९ ते २०२३ बघा. भाजपची १३,०९८ कमी झाली, काँग्रेसची २६,०१३ वाढली. पण २०१९ ला शिवसेनेचा बंडखोर १३,९८९ आणि मनसे ८,२८४ घेऊन गेले होते, म्हणजे २२ हजार मतं तिसरीकडे पडली होती, आणि धंगेकर कोण, तर आधी शिवसेनेतले, मग मनसेचे, २००९ ला याच कसब्यात मनसेकडून लढून गिरीश बापटांकडून फक्त आठ हजारांनी हरलेले. ती मतं एका ठिकाणी गोळा झाली आणि भाजपची थोडी घरी बसली एवढं धरलं तरी बराचसा हिशोब लागतो. भाजपचं एकही मत काँग्रेसला गेलं नाही असं मी म्हणत नाहीये, गेली असणारच. पण किती गेली हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याला विचारा की तू घरी बसलेले मोजलेस का.

कागद कुठून आणायचे

मतदारसंघाचा एकूण आकडा पुरत नाही, बूथवाइज पाहिजे. त्याला फॉर्म २० म्हणतात, निकालाचा अंतिम तक्ता, प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती, 'नोटा'ला (यापैकी कोणीही नाही) किती, एकूण किती. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर पीडीएफ मिळतात. लोकसभेचा फॉर्म २० सुद्धा विधानसभा मतदारसंघानुसार वेगळा असतो म्हणून लोकसभा-विधानसभा तुलना जमते. काही पीडीएफ अशा स्कॅन केलेल्या असतात की ३ आणि ८ मधला फरक कळत नाही, तिथे बूथची आडवी बेरीज एकूण मतांशी जुळते का बघायचं, नाही जुळली तर आकडा वाचण्यात चूक आहे. टपाली मतं शेवटी वेगळी येतात, ती बूथला जोडायची नाहीत.

दुसरा कागद म्हणजे १७ सी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला देतो तो, बूथवर किती मतं नोंदली गेली त्याचा. तो पक्षाच्या पोरांकडे असतो, किंवा असायला पाहिजे, बरेचदा निकालाच्या गुलालात हरवतो. आणि तिसरं म्हणजे मतदार यादी, भागानुसार, कारण बूथवर एकूण नावं किती होती हे कळल्याशिवाय घरी बसलेले कळत नाहीत.

डाउनलोड केलं की आपल्याकडे सेव्ह करून ठेवा आणि फाइलच्या नावात वर्ष, लोकसभा की विधानसभा, मतदारसंघ क्रमांक घाला. हे मी उगाच नाही सांगत, दोन निवडणुकांचे तक्ते हुबेहूब सारखे दिसतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये देशातल्या एका नामवंत निवडणूक अभ्यासकाने महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांत लोकसभा ते विधानसभा मतदार प्रचंड घटले-वाढले असे आकडे सोशल मीडियावर टाकले, मग तक्त्यातली ओळ चुकीची वाचली गेली होती म्हणून पोस्ट डिलीट करून माफी मागावी लागली. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाचं असं होतं, तर आपण दोनदा तपासायलाच पाहिजे.

बूथ जुळवणं, म्हणजे खरी हमाली

इथे निम्मे लोक सोडून देतात. २०१९ चा बूथ नंबर ११२ आणि २०२४ चा ११२ एकच असेल असं अजिबात नाही. मतदार वाढले की बूथ फुटतात, एका बूथवर १५०० ची मर्यादा होती, २०२५ मध्ये ती १२०० वर आणली, शहरात सोसायट्यांच्या आवारातच नवीन केंद्रं केली गेली, म्हणजे नंबर सगळे पुढे-मागे. नंबरवर तुलना केलीत तर एका वस्तीची मतं दुसऱ्या वस्तीशी ताडून बघाल आणि भलताच शोध लावाल.

म्हणून नंबर सोडा आणि जागा धरा. खेडेगावात सोपं आहे, गावातले सगळे बूथ एकत्र करून गावाचा एकच आकडा करायचा, वाड्या-वस्त्यांचा बूथ वेगळा असेल तर तो वेगळा ठेवायचा कारण गावठाण आणि वस्तीवरचं राजकारण एक नसतं, भावकी वेगळी, पुढारी वेगळा. शहरात शाळेची इमारत धरायची, एका शाळेत सहा खोल्यांत सहा बूथ असले तर सहाची बेरीज. मग यादीच्या पहिल्या पानावर त्या भागात कोणत्या गल्ल्या, कोणत्या सोसायट्या येतात ते लिहिलेलं असतं, ते दोन्ही वर्षांचं ताडायचं. जे जुळतच नाही ते बाजूला काढा, ओढूनताणून जुळवू नका. शंभरातले पंधरा-वीस सुटले तरी चालतं, फक्त सुटलेले सगळे एकाच भागातले नाहीत ना तेवढं बघा, कारण नवीन टॉवरवाला भाग हमखास सुटतो आणि तिथला मतदार वेगळा असतो.

आता तक्ता मांडायचा, आणि इथे बहुतेक जण चुकतात ते टक्केवारीवर. मतं भागिले झालेलं मतदान असा टक्का काढला की घरी बसलेला माणूस हिशोबातून गायबच होतो. आपण मतं भागिले यादीतली एकूण नावं असा टक्का काढायचा, आणि एक जास्तीचा कॉलम करायचा, 'आलेच नाहीत'. तो कॉलम म्हणजे एक उमेदवारच समजायचा, बऱ्याच बूथवर तोच पहिल्या नंबरवर असतो.

यादी सुद्धा दोन वेळा सारखी नसते हे ध्यानात ठेवा. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात मतदार ९ कोटी ३० लाखांच्या आसपास होते आणि सहा महिन्यांत विधानसभेला ९ कोटी ७० लाख झाले, त्यावरून देशभर वाद झाला, आयोगाने आपली बाजू मांडली, विरोधकांनी आपली, त्यात इथे पडायचं नाही. पण तुमच्या बूथवर नावं ७० नी वाढली असतील तर ती ७० माणसं 'फिरलेली' नाहीत, नवीन आहेत, एवढं तरी लिहून ठेवा. पाच वर्षांचा फरक असेल तर गेलेले, लग्न होऊन आलेल्या, अठरा पूर्ण झालेले, पुण्या-मुंबईला गेलेले असं सगळं मिळून यादी बरीच बदललेली असते.

कमीत कमी किती फिरले?

हा भाग जरा डोकं लावून वाचा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

बूथचे आकडे म्हणजे पाण्याच्या टाकीची पातळी. पातळी तेवढीच राहिली म्हणून आत-बाहेर काही झालं नाही असं नसतं, नळही चालू असेल आणि गळतीही. म्हणून नेमकी किती माणसं फिरली हे बूथच्या आकड्यावरून कळतच नाही. पण कमीत कमी किती फिरली असलीच पाहिजेत हे कधी कधी कळतं, आणि ते फार कामाचं आहे.

समजा एका शहरी बूथवर १००० नावं. गेल्या वेळी अ ला ४००, ब ला २००, इतर ५०, आलेच नाहीत ३५०. या वेळी अ ला २८०, ब ला ३३०, इतर ४०, आलेच नाहीत ३५०. बघणारा म्हणतो १२० फिरले. पण असंही असेल की अ ची १२० आणि इतरांची १० माणसं या वेळी आलीच नाहीत आणि गेल्या वेळी घरी असलेली १३० येऊन ब ला देऊन गेली. आकडे तेच. म्हणजे या बूथवर कमीत कमी फिरलेले किती, शून्य. हा बूथ काहीच सिद्ध करत नाही, कितीही घासा.

आता खेड्यातला बूथ, तशीच १००० नावं, पण मतदान ९० टक्के. गेल्या वेळी अ ६००, ब ३००, आले नाहीत १००. या वेळी अ ३५०, ब ५५०, आले नाहीत १००. अ ची किमान २५० माणसं अ ला सोडून गेली, ती गेली कुठे, एक तर ब कडे नाहीतर घरी. घरी बसलेले सगळे मिळून १००. म्हणजे सगळे घरी बसलेले अ चेच होते असं धरलं तरी दीडशे माणसं ब कडे गेलीच, दुसरा मार्गच नाही. याला म्हणायचं पुरावा.

यातून पद्धत निघते ती अशी की मतदारसंघातले सगळ्यात जास्त मतदानाचे, यादी फारशी न बदललेले, दोन-तीनच उमेदवारांत मतं वाटली गेलेले बूथ आधी वेगळे काढायचे. बोलतात ते हे बूथ. ५० टक्के मतदानाच्या पेठेतल्या बूथवरून कोणी समाजाच्या मनाचा ठाव घेत असेल तर घेऊ दे त्याला.

हीच गोष्ट राज्याच्या पातळीवर करून बघा. २०२४ लोकसभेला महाविकास आघाडी आणि महायुती दोघांचा टक्का साधारण ४३ आणि ४४ च्या मध्ये, जवळपास बरोबरी, जागा मात्र ३० आणि १७. विधानसभेला आघाडीचे तीन पक्ष मिळून ३४ टक्क्यांच्या आत आणि महायुतीचे तीन पक्ष ४८ च्या वर. पण एकूण मतंच ५ कोटी ७० लाखांच्या आसपासवरून ६ कोटी ४० लाखांच्या वर गेली होती. टक्क्यांवरून मतं काढली तर आघाडीची ढोबळमानाने तीस लाख कमी झाली आणि महायुतीची साठ लाख वाढली. म्हणजे सगळेच्या सगळे तीस लाख पलीकडे गेले असं धरलं तरी अजून तीस लाख वेगळीकडून आले. मतदार फिरला हे अर्धंच उत्तर झालं.

आणि एक बारीक गोष्ट, लीडचा हिशोब. एक माणूस अ कडून ब कडे गेला की लीडमध्ये फरक दोनचा पडतो, तो घरी बसला तर एकचाच. बारामती विधानसभेत लोकसभेला सुप्रियाताईंना जवळपास ४८ हजारांचं लीड होतं आणि सहा महिन्यांत तिथेच अजितदादा १,००,८९९ नी आले. लीडचा फरक झाला दीड लाखाच्या जवळ. पण म्हणून दीड लाख माणसं फिरली नाहीत, सगळं निव्वळ फिरण्यानेच झालं असेल तर पंच्याहत्तर हजारांच्या आत काम होतं. चॅनेलवाले हे कधीच सांगत नाहीत.

एकाच दिवशी दोन मशीन असतील तर लॉटरीच

बारामतीत 'लोकसभेला ताई, विधानसभेला दादा' हे लोक आधीपासून उघड बोलत होते. पण तिथे मध्ये सहा महिने गेले, लाडकी बहीण योजना आली, वातावरण बदललं. खरी मजा नांदेडला आहे. वसंतराव चव्हाण खासदार झाले आणि ऑगस्ट २०२४ ला वारले, त्यामुळे लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २० नोव्हेंबरला झाली. तोच दिवस, तीच खोली, तेच बोट, दोन मशीन. निकाल काय, तर लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले आणि त्याच लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा महायुतीने घेतल्या.

इथे यादी बदलली नाही, घरी बसलेले बदलले नाहीत, मध्ये काही घडायला वेळही नव्हता. आत गेलेल्या माणसानेच वर एक आणि खाली एक केलं. असं प्रकरण तुमच्या भागात असेल तर दोन फॉर्म २० शेजारी ठेवायचे, बूथवर काँग्रेसची लोकसभेची मतं वजा आघाडीच्या विधानसभेच्या उमेदवाराची मतं, फरक मोठ्याकडून लहानाकडे लावायचा आणि वरचे वीस बूथ बघायचे. पण थांबा, लगेच क्रॉस वोटिंग म्हणू नका, विधानसभेला अपक्ष, बंडखोर, तिसरे पक्ष जास्त असतात, काही फरक तिकडे गेलेला असतो. तो तिसऱ्यांचा आकडा पण वजा करा आणि मग उरलं तर बोला.

महापालिकेला चार सदस्यांचा प्रभाग असतो तिथेही हेच करता येतं, पुण्यात लोकांना हे चांगलं माहिती आहे. एकच मतदार अ, ब, क, ड चार मतं देतो. एकाच पॅनलच्या चार उमेदवारांची बूथवार मतं लावली की कोण कोणाला खाली ठेवून पुढे गेला ते दिसतं, आणि म्हणूनच ती शीट पक्षाच्या बैठकीत काढली की भांडणं होतात. मुंबईत एक वॉर्ड एक नगरसेवक, तिथे हा उद्योग चालत नाही.

नाव तेच, पक्ष तो नाही

२०१९ च्या तक्त्यात 'शिवसेना' लिहिलंय आणि २०२४ च्या तक्त्यात 'शिवसेना' लिहिलंय म्हणून एकमेकांसमोर ठेवू नका. फेब्रुवारी २०२३ ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिले, फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादीचं घड्याळ अजितदादांकडे गेलं. २०१९ ची शिवसेनेची मतं भाजपच्या युतीतली होती, म्हणजे त्यातली भाजपची किती आणि सेनेची किती हेच माहिती नाही. जरा मागे जाऊन २०१४ ची विधानसभा घ्या, तेव्हा सप्टेंबरमध्ये भाजप-सेना युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी दोन्ही एकाच दिवशी तुटल्या आणि चौघं वेगवेगळे लढले. कोणाचं स्वतःचं मत किती हे बघायला अजूनही तेच वर्ष सगळ्यात बरं, जुनं झालं असलं तरी.

उमेदवाराने पक्ष बदलला की लोक कोणाबरोबर जातात, माणसाबरोबर की चिन्हाबरोबर, यासाठी दोन ओळी करा, एक माणसाची, एक पक्षाची. साताऱ्याला उदयनराजे मे २०१९ ला राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाहून जास्त मतांनी आले, मग भाजपमध्ये गेले, आणि ऑक्टोबरला पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८७ हजारांनी पाडलं. म्हणजे राजेंच्या मागची सगळी मतं राजेंची नव्हती. उलट सांगलीला २०२४ ला तिकीट उद्धव सेनेकडे गेलं, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखाच्या लीडने आले, आघाडीचा अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या आसपास थांबला. तिथे चिन्ह कोणी बघितलंच नाही. म्हणून मतदार निष्ठावान असतो किंवा नसतो असं सरसकट काही नसतं, कोणत्या तालुक्यात, कोणाच्या कारखान्याच्या भागात, हे बूथवरच कळतं.

आणि काही मतं तर कुठे फिरलेलीच नसतात, चुकून पडलेली असतात. २०२४ ला साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ नी आले आणि तिथल्या पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांच्या वर मतं, समोर शरद पवारांच्या उमेदवाराचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. दिंडोरीत तर आडनावही पवारांच्या उमेदवाराचंच आणि चिन्हही पिपाणी, एक लाख तीन हजार मतं घेऊन गेला तो अपक्ष. फॉर्म २० मध्ये एखाद्या माहीत नसलेल्या अपक्षाला सगळ्या बूथवर थोडी थोडी, साधारण सारख्याच प्रमाणात मतं दिसली तर ती चिन्ह-नावाच्या गोंधळाची असण्याचा संशय घ्या, कारण ज्याचं खरं काम असतं त्याची मतं त्याच्या गावाभोवती दाट आणि लांब गेलं की विरळ असतात.

कारण शोधायचंय तर

लोक आधी कारण ठरवतात आणि मग बूथ शोधतात. उलटं करा. कारणाला दोन परीक्षा, ते बदलाच्या आधी घडलेलं पाहिजे, आणि ज्यांना त्याचा चटका किंवा फायदा बसला त्यांच्याच बूथवर बदल जास्त दिसला पाहिजे. पवारसाहेबांची साताऱ्यातली पावसातली सभा १८ ऑक्टोबर २०१९ ची आणि मतदान २१ ला. तीन दिवसांत साताऱ्यात सगळं उलटलं असं ऐकायला छान वाटतं, पण त्याच्या आधीच राजेंनी पाच महिन्यांत राजीनामा देऊन निवडणूक लादल्याची नाराजी होती की नाही ते गावात विचारा.

कांदा घ्या. निर्यातबंदी डिसेंबर २०२३ ला आली आणि मे २०२४ मध्ये ऐन निवडणुकीत उठवली, दिंडोरीत केंद्रातल्या तेव्हाच्या राज्यमंत्री भारती पवार एक लाखाहून जास्त मतांनी पडल्या. पण कांद्यानेच पाडलं म्हणायचं असेल तर कांद्याच्या गावांत घट जास्त आणि त्याच मतदारसंघातल्या बिगरकांद्याच्या भागात कमी असं दिसलं पाहिजे. सगळीकडे सारखीच घट असेल तर कारण दुसरं. लाडकी बहीणचं तसंच, जुलै २०२४ पासून महिना १५०० आणि मतदानाआधी पाच हप्ते म्हणजे ७,५०० खात्यात. पण ही योजना जवळपास सगळ्याच गावात पोचली, मग तुलना कशाशी करणार? म्हणून तिथे बायकांचं मतदान किती वाढलं ते बघावं लागतं, आणि फॉर्म २० मध्ये पुरुष-स्त्री वेगळे नसतात, मतदारसंघाचा आकडा आयोग देतो त्यावर भागवावं लागतं. महायुतीला लोकसभेला फटका बसला आणि विधानसभेला योजनेने भरून काढलं हे मला पटतं, पण किती भरून काढलं ते कोणी दशांश चिन्हासकट सांगायला लागलं की मी चहा घ्यायला उठतो.

माणसांना विचारताना

शेवटी बूथ तोंड उघडत नाही, माणूस उघडतो. तक्त्यातून पाच-सहा बूथ निवडा, दोन जिथे मोठा बदल, दोन जिथे काहीच नाही, एक जिथे तुमच्या अंदाजाच्या उलट झालं, आणि तिथे जा. मतदान चालू असेपर्यंत हे करू नका, एक्झिट पोल छापण्या-दाखवण्यावर कायद्याने बंदी असते आणि गावातही तुम्हाला अमक्याचा माणूस समजतील. निकालानंतर पंधरा-वीस दिवसांनी गुलाल धुतला गेला की जा.

'कोणाला दिलं' हा प्रश्नच काढून टाका. एक तर ते गुप्त आहे, आणि दुसरं म्हणजे निवडून आलेल्याला दिलं म्हणणारे नेहमी खऱ्यापेक्षा जास्त निघतात. काका, मागच्या टायमाला गावात काय वातावरण होतं आणि या वेळी काय, इथून सुरू करा. मावशी, घरातली सगळी गेली होती का मतदानाला, कोण राहिलं? हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे, कारण घरी कोण राहिलं हे सांगायला कोणी लाजत नाही आणि तुम्हाला नेमकं तेच पाहिजे. मग पोरगा पुण्याहून आलाच नाही, गाडी पाठवली नव्हती कोणी, लग्नसराई होती, आमच्या माणसाला तिकीट नाही दिलं म्हणून ह्यांनी जायचं नाही ठरवलं, असलं बाहेर येतं. बायकांशी वेगळं बोला आणि शक्यतो बाईनेच बोलावं, ओसरीवर चार पुरुष बसलेले असताना आतून एकच उत्तर येतं, 'ह्यांना विचारा'.

सरपंच, सोसायटीचा चेअरमन, बूथप्रमुख यांच्याशी बोला पण शेवटी, आधी नाही. ते तुम्हाला तयार गोष्ट देतात आणि मग पुढे तुम्ही तीच ऐकत फिरता. दोन्ही बाजूंच्या पोलिंग एजंटला मात्र जरूर गाठा, दिवसभर दारात बसून त्याने बघितलेलं असतं कोण आलं नाही ते, त्याच्या यादीवर आलेल्यांच्या नावापुढे खुणा केलेल्या असतात, ती यादी अजून घरात असली तर बघू द्या म्हणा, देणार नाही बहुतेक, तरी विचारा. आणि लिहून ठेवताना कोणाचं नाव लिहू नका, वस्ती आणि साधारण वय पुरे, गाव लहान असतं आणि वही कुठेही सापडू शकते.

हे सगळं केल्यावर प्रत्येक बूथपुढे तीनच गोष्टी लिहायच्या, किमान इतके फिरले, इतके नवीन किंवा पहिल्यांदा आलेले, इतक्यांचं सांगता येत नाही. तिसरा रकाना बहुतेक बूथवर सगळ्यात मोठा निघेल, तो तसाच ठेवा, आणि शीट ग्रुपवर टाकायच्या आधी पलीकडच्या पक्षातल्या एखाद्या हिशोबी मित्राला बघायला द्या, आकड्यातल्या चुका तो तुमच्यापेक्षा लवकर काढेल.